घोडी पाणी पीत नाही

भिंगरीनं काल दुपारपासून ड्रमातल्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं, आणि गाडीवान म्हणत होता, लावील. तहान लागली की झक मारून लावील.

 त्याची बायको घोडीच्या मागं उकिडवी बसून लीद बघत होती. एरवी सकाळी घमेलंभर पडायची, ओलसर, वाफाळती. आज मूठभर गोळ्या पडल्या होत्या, लाकडी गोट्यांसारख्या, वरून चिकट पातळ थर. तिनं एक गोळी अंगठ्याखाली दाबून पाहिली. फुटली नाही. निसटून घरंगळत भिंतीपाशी गेली.

मग तिनं उठून घोडीच्या मानेचं कातडं चिमटीत धरलं आणि सोडलं. कातडं तसंच उभं राहिलं. बऱ्याच वेळानं, कुणावर उपकार केल्यासारखं, खाली बसलं. ओठ उचलून हिरडीला बोट लावलं तर बोट चिकटलं.

"अहो, हिचं तोंड वाळलंय."

"नखरे आहेत. तुझ्याकडून शिकलीय."

"माझ्याकडून शिकली असती तर आत्तापर्यंत तुम्हाला लाथ बसली असती."

पत्र्याच्या छपराखाली बाजेवर पडलेला सासरा हसला आणि हसता हसता खोकायला लागला. चुन्याच्या भट्टीवर राहणारा माणूस हसला की खोकतोच. मालकाला खोकताना मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं, कारण मालक इथं राहत नव्हता.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे तिघं घोडी आणि गाडी घेऊन भट्टीवर आले होते. खाणीतला चुनखडीचा दगड गाडीत भरायचा, चढ चढून भट्टीच्या तोंडाशी ओतायचा, पुन्हा खाली. खाणीची वाट अरुंद, ट्रॅक्टर आत शिरत नव्हता, म्हणून गाडीला काम होतं. पण गेल्या आठवड्यापासून मुकादमानं वाट रुंद करायला माणसं लावली होती, आणि ट्रॅक्टर आणून ऑफिसशेजारी उभा करून ठेवला होता. तो नुसता उभा होता. रोज सकाळी गाडीवान त्याच्यासमोरून घोडी नेताना मान खाली घालायचा.

घोडी होती म्हणून गाडी होती, गाडी होती म्हणून चूल होती. यापलीकडे या घराजवळ काही नव्हतं.

आल्या आल्या पाण्याची अडचण नव्हती. विहिरीशेजारी दगडी कुंड होतं, भिंगरी त्यात मानेपर्यंत तोंड घालायची. मग ऊन वाढलं, विहीर तळाला गेली. शेवटी काल मुकादमानं कुंड बंद केलं आणि टँकर सुरू केला. टँकरचं पाणी सिमेंटच्या टाकीत. त्यातलं दर चुलीला दोन घागरी, बाकीचं ऑफिसला. जनावरांसाठी विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी उपसून एका लोखंडी ड्रमात ओतायचं. त्या ड्रमात आधी डांबर होतं. घासून धुतला होता म्हणे. गाढवं मुकाट प्यायली. भिंगरीनं नाक आत घातलं, फुरफुरली, वरचा ओठ उलटा केला आणि दोरी ताणून मागं सरकली.

सासऱ्यानं काल ओंजळभर पाणी स्वतः पिऊन दाखवलं होतं. "पाणी चांगलं आहे," तो म्हणाला होता. पण त्याचं सगळं आयुष्य गाड्या हाकण्यात आणि तपकीर ओढण्यात गेलं होतं. त्याच्या नाकाला डांबर आणि अत्तर सारखंच. "मीठ चारा," त्यानं पुढं सांगितलं. "घोडं पाणी पिईना की माझा बाप मूठभर मीठ चारायचा. मग आपसूक पितं."

सांगितलं ते खोटं नव्हतं. त्याच्या बापाच्या दारात नितळ पाण्याचं कुंड होतं. तिथं घोड्याला मीठ दिलं की घोडं तोंड घालणारच. इथं समोर डांबराचा ड्रम होता. गाडीवानानं काल संध्याकाळी कोंड्यात मीठ कालवलं, भुकेनं घोडीनं ते सगळं चाटून पुसून खाल्लं, आणि ड्रमाकडे पाठ करून उभी राहिली. मीठ कुटून दिलं होतं बायकोनंच. तेव्हा तिलाही ते बरोबर वाटलं होतं.

आता गाडीवान पुन्हा मिठाची पुडी शोधत होता.

"अगं, पुडी कुठं ठेवलीस?"

"चुलीत घातली."

"काय?"

"आत आधीच मीठ आहे तिच्या. वरून पाणी नाही. आणखी मीठ घालून तिचं लोणचं घालायचं आहे का तुम्हाला?"

ती झोपडीत गेली, घरातली एक घागर उचलून आणली आणि बादलीत रिकामी केली. भिंगरीनं वास घेतला मात्र, आणि सगळं पाणी एका दमात ओढून घेतलं. घशातून गोळे खाली उतरताना दिसत होते. बादलीचा तळ चाटला, मग बादली नाकानं ढकलली, मग बायकोच्या पोटाला नाक लावून ढकललं. घागर म्हणजे माणसाचा दिवस आणि घोडीचा एक घोट.

"बघितलंत? नखरे?"

गाडीवान रिकाम्या घागरीकडे बघत होता. "आणि आपण काय प्यायचं?"

"एक घागर आहे की."

"तिघांत?"

"मग डांबराचं प्या. मामंजींना चालतंय."

"मला चालतंय," सासरा बाजेवरून म्हणाला. पण या वेळी हसला नाही.

मालक येणार होते, म्हणून ऑफिसपुढं पाणी मारणं चाललं होतं. टाकीला रबरी नळी लावून एक माणूस अंगणातल्या धुळीवर पाणी सोडत होता. धूळ पाणी पीत होती. धुळीला कुणी नखरे म्हणत नव्हतं.

मुकादम खुर्चीवर, छत्रीखाली. तो वाईट माणूस नाही असं लोक म्हणत. लोक काहीही म्हणतात.

"साहेब, घोडीला थोडं टाकीतलं पाणी द्या," गाडीवानाची बायको म्हणाली. "चार बादल्या द्या."

"ड्रम भरलाय की."

"त्याला डांबराचा वास येतो. ती पीत नाही."

"गाढवं पितात."

"तिला नाही जमत. काल मीठही खाल्लंय तिनं. उन्हात पडेल ती."

मुकादमानं तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं. गाडीवान चाबूक गळ्यात अडकवून येत होता. "काय गाडीवाल्या! तुझ्या घोडीला आमचं पाणी रुचत नाही म्हणे. सरबत करू का? बर्फ टाकून?"

खाणीकडे निघालेली माणसं हसली. गाडीवानही हसला. हसला म्हणजे ओठ मागं ओढून दात दाखवले. ड्रमावर भिंगरीनं ओठ उलटा केला होता, जवळजवळ तसाच चेहरा. फक्त भिंगरीनं तो खरा केला होता.

"बायको आहे साहेब," तो म्हणाला. "जनावरांवर जीव फार."

"मग थोडा तुझ्यावर टाक म्हणावं."

पुन्हा सगळे हसले. नळीवाला माणूस तेवढा हसला नाही. तो आपल्या पायांवर पाणी घेत उभा होता.

खाणीकडे उतरताना ती म्हणाली, "हसायला काय झालं होतं?"

"हसलो नसतो तर त्यानं ट्रॅक्टर सुरू केला असता."

"तो सुरू करणारच आहे. तुम्ही हसा नाहीतर रडा."

"तू गप बैस. आजचा दिवस काढू. दुपारी मालक गेले की मी बोलतो त्याच्याशी, एकटा."

एकटा बोलतो! मुकादमासमोर एकटा उभा राहिल्यावर याच्या तोंडातून 'साहेब' सोडून दुसरा शब्द निघाल्याचं तिनं लग्नापासून ऐकलं नव्हतं.

दगड भरायचं काम दोघांचं. तो मोठे उचलायचा, ती मधले. चुनखडीचा दगड दिसायला पांढरा, गरीब. हातात धरला की तळव्यातलं पाणी शोषून घेतो. तिच्या बोटांना भेगा होत्या, त्यांत चुना शिरून चरचरत होतं. गाडी भरली की तो लगाम धरून पुढं आणि ती मागून चाकाला खांदा लावून.

पहिली खेप नीट गेली. दुसऱ्या खेपेला भिंगरीच्या मानेवर, तंगाच्या पट्ट्याखाली फेस आला, पाठीवरून घामाचे ओघळ निघाले. त्या घामाची बायकोला भीती वाटली नाही. घोडं घामेजतंच. मग ऊन डोक्यावर आलं, दगड तापले, खाणीच्या भिंती भाजायला लागल्या, आणि भिंगरीचा घाम थांबला. मानेवर मिठाच्या पांढऱ्या रेघा वाळल्या. बायकोनं तिच्या छातीला हात लावला. कातडं कोरडं आणि तव्यासारखं.

"अहो, घाम थांबला."

"गार झाली असेल."

"हात लावून बघा!"

त्यानं हात लावला आणि काढून घेतला.  वर भट्टीच्या तोंडाशी मुकादम उभा होता, हातानं चला चला करत. मालकाची गाडी येऊन उभी राहिली होती.

"ही एक खेप," गाडीवान म्हणाला. "मालकासमोर गाडी रिकामी नको. मग सोडतो तिला. तुझी शपथ."

"माझी कशाला, स्वतःची घ्या."

चढाच्या मध्यावर भिंगरी थांबली. मान खाली घातली, नाकपुड्या पसरल्या, कुशी भात्यासारख्या उडायला लागल्या. गाडीवानानं जीभ टाळूला लावून आवाज केला. मग लगाम ओढला. मग चाबूक उचलला. बायको चाक सोडून पुढं धावली ती थेट मध्येच. चाबूक तिच्या दंडाला लागला. त्याला तसं करायचं नव्हतं, पण लागला, आणि वरून सगळे बघत होते.

"मारा," ती म्हणाली. "मला मारा. मी चढेन. ती नाही चढायची."

त्यानं चाबूक टाकला. त्याच्या तोंडाचा रंग भट्टीच्या राखेसारखा झाला होता. दोघांनी मिळून चाकामागं दगड लावले, दांड्यांतून घोडी सोडवली. तंगाची गाठ घट्ट बसली होती, ती त्यानं सुरीनं कापली. मोकळी झाल्यावर भिंगरी स्वतःच्या पायांनी चढ संपेपर्यंत चालली, एवढं तिच्यात शिल्लक होतं. वर अंगणाच्या कडेला, टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर, तिचे गुडघे मोडले. ती आडवी झाली. मान वळवून वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागली.

सासरा काठी टेकत आला. खाली बसला, घोडीच्या कुशीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. चांगल्या घोड्याच्या पोटात सारखं गुडगुडत असतं, दूरवर गाड्या चालल्यासारखं.

"आतडं गप्प आहे," तो म्हणाला. मग डोळे पुसत म्हणाला, "मीठ मी सांगितलं."

"ते नंतर रडा मामंजी. आत्ता काय करायचं?"

"पाणी. चांगलं पाणी. मग डॉक्टर. पण आधी पाणी."

ती झोपड्यांकडे पळाली. बायका सावलीला बसल्या होत्या, घागरींवर फडकी बांधून. घरातली उरलेली घागर तिनं उचलली आणि शेजारच्या बाईपुढं उभी राहिली. शेजारणीच्या मांडीवर लहान मुलगी होती, तापानं डोळे मिटलेली, कपाळावर ओलं फडकं.

"बाई, अर्धी घागर दे. घोडी पडलीय."

"माहीत आहे." शेजारणीनं फडकं उलटं केलं. "नाही देणार."

"मरेल ती."

"मरेल. तुझं घर जाईल, तेही कळतंय मला. पण हिचं अंग बघ. हात लाव. लाव की! आता सांग, अर्धी घागर कुणाच्या तोंडात घालू?"

तिनं मुलीच्या पायाला हात लावला. तोही कोरडा आणि तव्यासारखा. ती निघाली. शेजारणीचा तिला राग आला नाही. राग कुणावर करायचा ते तिला ठाऊक होतं, आणि ती जागा तिथून दिसत होती: मालक ऑफिसात बसले होते, दार लावलेलं, आणि अंगणात नळी अजून चालूच होती.

घरची घागर भिंगरीनं आडवं पडल्या पडल्याच संपवली. अर्धी तोंडात, अर्धी मातीत. बायकोनं रिकामी बादली उचलली, सरळ अंगणात गेली आणि नळीवाल्याच्या हातातून नळी घेतली. त्यानं दिली. ओढून घ्यावी लागली नाही.

"ए बाई!" मुकादम खुर्चीवरून उठला, पण आवाज दाबूनच ओरडला. आत मालक होते. "नळी ठेव."

"बादली भरली की ठेवते."

"तुझ्या बापाचं पाणी आहे का?"

"नाही. तुमच्याही बापाचं नाही. ज्यानं टँकर आणला तो डायव्हर तिकडं टँकरखाली झोपलाय, त्याला विचारते हवं तर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मुकादमाचा चेहरा बदलला. त्यानं तिच्याशी बोलणं सोडून दिलं. बाईशी बोलून काय मिळणार? त्यानं गाडीवानाला हाक मारली.

"गाडीवाल्या! ती बादली घे तिच्या हातातून. टाकीत नेऊन ओत. ओतलीस तर उद्या गाडी लाव. नाही ओतलीस तर आत्ताच्या आत्ता गाडी काढ."

गाडीवान आला. त्यानं बादलीच्या कडीला हात घातला. तिनं सोडली नाही. दोघं क्षणभर तसेच उभे राहिले, नवरा-बायको, एका बादलीला धरून. पाणी हिंदकळलं, काठावरून थोडं सांडलं.

"सोड," तो म्हणाला.

ओढाताणीत सगळंच सांडेल म्हणून तिनं सोडली.

तो बादली घेऊन टाकीकडे निघाला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, मान खाली. याच पाठीमागून आपण आयुष्यभर चाललो, असं तिच्या मनात आलं, आणि तिला त्या पाठीत दगड घालावासा वाटला.

बादलीची कडी किरकिरत होती. वाटेवर आडव्या पडलेल्या भिंगरीनं तो आवाज ऐकला. मान उचलली. कान पुढं केले. मग घशातून एक बारीक आवाज काढला, शिंगरू आईला करतं तसा. गाडीवान तिच्या डोक्याशी पोचला आणि थांबला.

"ओत!" मुकादम म्हणाला. "पुढं हो!"

गाडीवानानं वळून पाहिलं. ओठ हलले, पण दात दाखवले नाहीत. मग वाकून त्यानं बादली घोडीच्या तोंडाशी ठेवली आणि स्वतः खाली बसून बादली दोन्ही गुडघ्यांत पकडली, कलंडू नये म्हणून.

"ट्रॅक्टर लावा तुमचा," तो म्हणाला. साहेब म्हणाला नाही.

भिंगरी पुढच्या पायांवर उठून बसली आणि प्यायला लागली. म्हातारा तिच्या कानाशी बसून हलकी, एकसुरी शीळ घालायला लागला. घोड्याला पाणी पाजताना तो नेहमीच घालायचा; शीळ ऐकली की घोडं घाई करत नाही. "थोडं थोडं," मध्येच थांबून तो म्हणाला. "बादली काढ आता. काढ म्हणतो ना! एकदम नको." गाडीवानानं बादली मागं ओढली. घोडी तोंड पुढं करून बादलीमागं आली, आणि त्याला तिच्याकडे बघवेना. म्हाताऱ्यानं मान हलवली की पुन्हा पुढं करायची, पुन्हा ओढायची.

नळी मघापासून जमिनीवर पडून वाहत होती. मुकादमानं नळीवाल्याला नळ बंद करायला सांगितलं. तो बंद करायला गेला, पण फार सावकाश गेला. वाटेत त्याच्या पायात काटा मोडला, तो काढायला बसला. तेवढ्यात बायका घागरी घेऊन आल्या. तापलेल्या मुलीला काखेला मारून शेजारीण पुढं होती. तिनं घागर भरून घेतली, येऊन बादलीत अर्धी ओतली.

"आता आहे माझ्याकडे," ती म्हणाली, आणि गेली.

ऑफिसचं दार उघडलं नाही. मालकांना आतून काही दिसलं नाही, किंवा दिसलं. त्यानं काय फरक पडणार होता?

ऊन कलल्यावर भिंगरी उठली. पहिल्यांदा घसरली, दुसऱ्यांदा गाडीवानानं छातीखाली खांदा दिला. जनावरांचा डॉक्टर डांबरी रस्त्याच्या टोकाला, बाजाराच्या गावात. मुकादमानं गाडी काढायला सांगितलीच होती. दगड चढावरच उतरवले, भांडी, अंथरूण, बाज गाडीत टाकली, वर म्हाताऱ्याला बसवलं, त्याच्या पायांत भरलेली बादली. मग गाडीवान दांड्यांच्या मध्ये शिरला. कापलेला तंग त्यानं आपल्या छातीवरून घेऊन दोन्हीकडे बांधला. मुकादम बघत होता. बघू दे.

बायको मागून घोडीची दोरी धरून चालत होती. एक हात दोरीला, एक गाडीला लावलेला. घोडी पावलं टाकत होती, पण मध्येच थांबून पोटाकडे बघत होती. प्रत्येक वेळी बायको दोरी आखडून धरायची. आता बसली तर पुन्हा उठायची नाही.

रस्त्याला लागल्यावर भिंगरी पुन्हा थांबली. मागचे पाय फाकवले, शेपूट उचललं.

"अहो! थांबा!"

गाडी थांबली. आधी काहीच झालं नाही. मग थेंब थेंब, मग धार. लाल-तपकिरी, घट्ट, उग्र वासाची. धुळीत फेस झाला. त्यामागून दोन गोळ्या पडल्या, आणि त्या पडल्या पडल्या फुटल्या.

"मुतली का?" म्हाताऱ्यानं वरून विचारलं.

"मुतली! आणि लीदही टाकली, मामंजी!"

"माझ्या नाकाला काही कळत नाही बाई. तू सांगतेस म्हणजे खरं." 

तिनं बादली उतरवून घोडीपुढं धरली. भिंगरी बेतानं प्यायली, मधूनच तोंड काढून रस्त्याकडे बघितलं, पुन्हा प्यायली. ओठांतली लाळ आणि कोंड्याचा चुरा पाण्यावर तरंगत राहिला. तिचं झालं तेव्हा बादलीत थोडं उरलं होतं.

गाडीवान दांड्यांतच उभा होता. छातीवर तंगाचा लाल वळ उठला होता, ओठ फुटले होते, जीभ तोंडात फिरताना कोरडा आवाज येत होता. त्यानं पाणी मागितलं नाही. तिनं बादली त्याच्यापुढं धरली. त्यानं पाण्यावरच्या चुऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या दंडावरच्या वळाकडे. दोन्ही हात दांड्यांवर तसेच ठेवून त्यानं मान खाली घातली आणि बादलीला तोंड लावलं. तिनं बादली हळूच कलती केली.

"पुरे," ती म्हणाली. "मामंजी राहिलेत."